गुटगुटीत की लठ्ठ?

गुटगुटीत मूल कोणाला आवडत नाही? आम्ही मास्तर होतो तेव्हा जाड पोर दिसले की म्हणत असू, "खाऊनपिऊन सुखी आहे!" आमचे चुकत होते. लठ्ठपणा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नुसत्या वजनानेही कळत नाही. उंचीही मोजावी लागते.

त्यासाठी एक तक्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो २००६ साली काढला. त्यासाठी दिल्लीचीही मुले मोजली होती. आडव्या ओळीत उंची, उभ्या ओळीत वजन. दोन्ही मिळतात तिथे टिंब द्यायचे.

समजा, पाच वर्षांच्या आतले दोन मुलगे आहेत. दोघेही २२ किलोंचे. एकाची उंची ११५ सेंटिमीटर. तो ठीक आहे. दुसऱ्याची १०० सेंटिमीटर. या उंचीला मध्यम वजन सुमारे १५ किलो. त्याचे टिंब सर्वांत वरच्या रेषेच्याही वर जाते. हा लठ्ठपणा. पुढे मधुमेह, रक्तदाब मागे लागू शकतात. त्याला डॉक्टरांना दाखवावे.

पण पोराला उपाशी ठेवू नका बरे! भाकरी, डाळ, भाजी द्या. बिस्किटे, गोड सरबते कमी करा. भरपूर खेळू द्या. उंची वाढली आणि वजन तेवढेच राहिले, की टिंब खाली येते.

कौतुक जरूर करा. पण आधी टिंब पाहा.