लोकांचे सभागृह

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले, म्हणजे वाटेत करमाड लागते. ह्या भागातील मुलांना ऐतिहासिक वास्तू म्हटली की देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी आणि बीबी का मकबरा ही स्थळे आठवतात. त्यात नवल नाही. ती आपली वैभवेच आहेत. परंतु किल्ला राजांनी आपल्या रक्षणासाठी बांधला आणि मकबरा एका राजपुत्राने आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारला. सामान्य शेतकऱ्याला, मजुराला किंवा कारागिराला ह्या वास्तूंच्या कारभारात कोणी कधी विचारले नाही. ज्या वास्तूत बसणारी माणसे तुमच्याआमच्या आईवडिलांनी निवडून पाठविलेली असतात, ती वास्तू पाहावयाची असेल, तर मुंबईस जावे लागते. ती वास्तू म्हणजे महाराष्ट्राचे विधानभवन होय. मुलांनो, आजच्या पाठात आपण तेथे जाणार आहोत.

निघण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. तुमच्या पणजोबांच्या लहानपणी करमाड हे हैदराबाद संस्थानात होते. तेथे निजामाची सत्ता होती आणि रयतेला जबाबदार असे राज्य नव्हते. कर किती असावा, शाळा कोणत्या भाषेत असावी, दुष्काळात काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार लोकांच्या हाती नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर १९५२ साली झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्यातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत देण्याचा हक्क मिळाला. त्या मतांनी निवडलेले आपले प्रतिनिधी तेव्हा हैदराबादच्या विधानसभेत बसत. ती सभा तेथील सार्वजनिक उद्यानातील पांढऱ्याशुभ्र टाऊन हॉलमध्ये भरे. ही इमारत १९०५ ते १९१३ ह्या काळात बांधलेली आहे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. अशा रीतीने करमाडच्या माणसाची हाक, जी पूर्वी हैदराबादेस जात असे, ती मुंबईस पोहोचू लागली.

आता आपण प्रवासास निघू. रात्रीच्या गाडीने संभाजीनगर सोडले, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. ह्या भव्य स्थानकाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्या वास्तुशिल्पकाराने तयार केला होता. त्याचे नाव ध्यानात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

स्थानकातून दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालत गेले की हुतात्मा चौक येतो. तेथे हाती मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा आहे. येथे क्षणभर थांबावे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन हजारो माणसे विधिमंडळाच्या इमारतीकडे निघाली होती. त्यांना ह्याच परिसरात अडविण्यात आले. गोळीबार झाला आणि माणसे धारातीर्थी पडली. त्या चळवळीत पुढे शंभराहून अधिक लोकांनी प्राण वेचले. ही माणसे एखाद्या राजवाड्याकडे दान मागावयास निघाली नव्हती. आपलेच प्रतिनिधी जेथे बसतात, त्या सभागृहाला आपले म्हणणे ऐकविण्यासाठी ती निघाली होती. मराठी भाषकांचे राज्य झाले, त्यामागे हे मोल आहे.

ज्या इमारतीकडे ते लोक निघाले होते, ती महात्मा गांधी मार्गाच्या टोकाशी, रीगल चित्रपटगृहासमोरील चौकात आजही उभी आहे. तिची कथा मोठी गमतीची आहे. ही इमारत मुळात कायदे करण्यासाठी बांधलेलीच नव्हती! १८७० साली इंग्लंडचा राजपुत्र आल्फ्रेड मुंबईस आला होता. त्याच्या भेटीचे स्मारक म्हणून बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड ह्यांनी दोन लाख रुपये दिले आणि दूरदेशीच्या खलाशांसाठी हे वसतिगृह बांधले गेले. १८७६ साली ते पूर्ण झाले. त्याचा वास्तुशिल्पकार तोच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. इमारतीच्या दर्शनी भागावर वर पाहिले, तर समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचे सागरी घोडे कोरलेले दिसतात. खलाशांच्या घरावर समुद्रदेव असणे साहजिकच होते.

१९२८ साली ही वास्तू मुंबईच्या कायदेमंडळासाठी घेण्यात आली. मुंबईत कायदेमंडळ १८६२ पासून होते. परंतु आरंभी त्याचे सभासद सरकारने नेमलेले असत आणि खुद्द गव्हर्नर अध्यक्षस्थानी बसे. हळूहळू निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढली. १९३७ साली मुंबई प्रांताची विधानसभा स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे अध्यक्ष झाले. पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या विधानसभेचे सभासद होते. कोकणातील कुळांना नाडणारी खोतीची पद्धत मोडावी, ह्यासाठी त्यांनी १९३७ साली विधेयक मांडले होते. जेथे एके काळी खलाशी विसावा घेत, त्या छपराखाली आता कुळांच्या, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा खल करणारे लोकप्रतिनिधी बसू लागले. इमारत तीच राहिली, पण तिचे काम पालटले आणि कामाबरोबर तिची योग्यताही वाढली. विधिमंडळ नव्या वास्तूत गेल्यावर येथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आले. म्हणून ही इमारत आपण बाहेरूनच पाहावी.

येथून मादाम कामा मार्गाने पश्चिमेस वळले की मंत्रालयाच्या परिसरात आपले विधानभवन दिसते. ज्या भूमीवर ते उभे आहे, ती समुद्र मागे हटवून मिळविलेली आहे. एप्रिल १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

अधिवेशन चालू असताना आत जाण्यासाठी प्रवेशपत्रिका लागते. प्रेक्षकांच्या सज्जात बसल्यावर टाळ्या वाजवावयाच्या नसतात, बोलावयाचे नसते, घोषणा द्यावयाच्या नसतात. खाली विधानसभेचे सभागृह दिसते. येथे २८८ सभासद बसतात. समोर उंच आसनावर अध्यक्ष असतात. त्यांच्या उजव्या हातास सत्तारूढ पक्षाचे आणि डाव्या हातास विरोधी पक्षाचे सभासद बसतात. अध्यक्षांच्या समोर ठेवलेला राजदंड हे सभागृहाच्या अधिकाराचे चिन्ह आहे. पूर्वी राजदंड राजाच्या हाती असे. येथे तो कोणा एकाच्या हाती नसून सभागृहाचा आहे. ह्या विधानसभेखेरीज विधान परिषद हे ७८ सभासदांचे दुसरे सभागृहही येथेच आहे. तेथील प्रमुखास सभापती म्हणतात. दोन्ही सभागृहे आणि राज्यपाल मिळून आपले विधिमंडळ होते.

सभासद एकमेकांना उद्देशून बोलत नाहीत. प्रत्येक जण ‘अध्यक्ष महाराज’ असे संबोधून अध्यक्षांशीच बोलतो. भांडण विकोपास जाऊ नये आणि मुद्दा माणसाला न चिकटता विषयाला चिकटावा, म्हणून ही रीत आहे. ती नेहमीच पाळली जाते असे नाही. कधी गोंगाट होतो, कधी काम थांबते. सज्जात बसलेल्या मुलांना त्याचे आश्चर्य वाटते. कारण वर्गात अशी गडबड केली, तर गुरुजी उभे करतात. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. पूर्वी मतभेद तलवारीने मिटत असत. येथे ते शब्दांनी आणि मतमोजणीने मिटवावयाचे असतात. ते नीट मिटावेत, ही जबाबदारी निवडून आलेल्यांची आहे, तशीच निवडून देणाऱ्यांचीही आहे.

येथील प्रश्नोत्तराचा तास विशेष पाहण्यासारखा असतो. सभासद आपले प्रश्न आधी लेखी पाठवितात. ज्या प्रश्नांवर तारा केलेली असते, त्या तारांकित प्रश्नांना मंत्र्यांनी उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते आणि त्यावर आणखी उपप्रश्नही विचारता येतात. एखाद्या गावचा पूल का खचला, एखाद्या शाळेला शिक्षक का नाही, असे राज्याच्या दृष्टीने लहान वाटणारे प्रश्नही येथे विचारले जातात. गावचा माणूस येथे येऊन बोलू शकत नाही; परंतु त्याच्यासाठी बोलणारा मनुष्य येथे असतो.

ह्या बोलण्याने खरोखर काही घडते काय, असे तुम्ही विचाराल. त्याचे एक उदाहरण तुमच्याच भागातील आहे. १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण घरातील वडीलधाऱ्या माणसांना अवश्य विचारा. मराठवाड्यात पिके करपली, विहिरी आटल्या, जनावरे पोसणे कठीण झाले. हाताला काम नाही म्हणून घरात दाणा नाही, अशी लक्षावधी कुटुंबांची अवस्था झाली. तेव्हा सरकारने ठिकठिकाणी कामे काढली. माणसे खडी फोडीत, पाझर तलावांची माती वाहत आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुलांना जगवीत.

त्या काळी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे होते. ज्याची काम करण्याची तयारी आहे, त्याला काम मिळालेच पाहिजे, असा विचार ते पूर्वीपासून मांडीत होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ साली त्या विचाराचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्या विचाराची निकड सर्वांना पटविली. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला पंधरा दिवसांत काम द्यावे आणि ते न दिल्यास बेकारीभत्ता द्यावा, असे त्यात ठरले. ह्या कामांसाठी पैसा उभा राहावा म्हणून नोकरी व धंदा करणाऱ्यांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला होता. म्हणजे मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या पगारातील काही रुपये मराठवाड्याच्या माळावर माती वाहणाऱ्या मजुराच्या ओंजळीत पडू लागले. २००५ साली भारताच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

दुष्काळात काम देणे ही पूर्वी राज्यकर्त्यांची कृपा समजली जाई. सभागृहाने कायदा केला आणि ती कृपा न राहता हक्क झाला. कृपा आज मिळते, उद्या मिळत नाही. हक्क मात्र मागून घेता येतो. विधानभवनाची थोरवी ह्या फरकात आहे.

हे सभागृह सदैव मुंबईसच भरते असेही नाही. १९५३ साली झालेल्या नागपूर कराराला अनुसरून वर्षातील एक अधिवेशन नागपूरच्या विधानभवनात भरते. हैदराबाद, मुंबई आणि नागपूर ह्या तीन नगरांतील इमारतींत आजवर मराठवाड्याचा आवाज उमटला आहे. इमारत बदलली, शहर बदलले, राज्यही बदलले. परंतु लोकांनी निवडलेल्या माणसाने लोकांसाठी बोलावे, ही रीत बदलली नाही. तिच्यामुळेच दगडविटांच्या भिंती सभागृह होतात.

मुलांनो, अठराव्या वर्षी तुम्हांला मताचा हक्क मिळेल. मतदानाचे केंद्र बहुधा एखाद्या शाळेतच असेल आणि शाईचा एक ठिपका बोटावर उमटेल. तो ठिपका दिसावयास लहान असतो. पण करमाडच्या शाळेतून विधानभवनाच्या सभागृहापर्यंत जाणारी वाट तेथून सुरू होते. त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी नीट विचार करावयास शिकणे, हे आजचे तुमचे काम आहे.

स्वाध्याय

१. मराठवाड्यातील लोकांना प्रौढ मताधिकार केव्हा मिळाला? त्यापूर्वी त्यांची स्थिती कशी होती?
२. खलाशांचे वसतिगृह ते विधिमंडळाची वास्तू, हा इमारतीचा प्रवास आपल्या शब्दांत लिहा.
३. सभासद ‘अध्यक्ष महाराज’ असे संबोधून का बोलतात?
४. ‘कृपा’ आणि ‘हक्क’ ह्यांतील भेद रोजगार हमीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धारातीर्थी पडणे, विकोपास जाणे, खल करणे, प्राण वेचणे.
६. उपक्रम : आपल्या गावातील एका अडचणीविषयी सभागृहात विचारता येईल असा एक प्रश्न तयार करा. घरातील वडीलधाऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.