‘परफॉर्मन्स गाडी आहे, आवाज येणारच!’

दमदार इंजिनाची गाडी घेतली की सर्व्हिस सेंटरमध्ये एक वाक्य फुकट मिळतं : “सर, परफॉर्मन्स गाडी आहे, ब्रेकचा आवाज येणारच.” बाकी सगळ्याचे पैसे पडतात. प्रस्तुत लेखक डोंबिवलीकर, त्याची गाडी युरोपीय धाटणीची टर्बो हॅचबॅक, आणि हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलंय की त्यात थोडं तथ्य आहे हे लिहितानाही त्याच्या जिवावर येतं.

तथ्य आहे, पण अर्धंच. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला हजारो वेळा हे होऊ लागलं की डिस्क स्वतःच वाजते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरावा तसा प्रकार. युरोपीय वेगवान गाड्यांना सहसा लो-मेटॅलिक पॅड असतात. त्यांच्या मिश्रणात धातूचे तंतू आणि खरवडणारे कण जास्त. त्यामुळे ब्रेक कडक लागतो, तापल्यावरही दगा देत नाही. बदल्यात अ‍ॅलॉयवर काळी भुकटी साचते आणि कधीमधी किंचाळी ऐकू येते. जपानी-कोरियन गाड्यांना सहसा ऑरगॅनिक पॅड येतात. ते मऊ आणि शांत असतात. शेजारच्या स्विफ्टचा आवाज येत नाही म्हणून आपली बिघडली, असा हिशेब लावता येत नाही, हे मान्य.

हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा धातूवर धातू घासून असा काही आवाज व्हायचा की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. 1907 च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावून तो थांबवला. पुढे अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक ठरलं, ते सोडावं लागलं, आणि आवाजाची डोकेदुखी नव्या रूपात परत आली.

त्यात आपले रस्ते. मानपाड्याहून निघून काटई, शिळफाटा करत ठाण्याला पोचेपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर जात नाही. ब्रेकवर पाय सतत, पण दाब हलका. जोरात तापायच्या हिशेबाने बनवलेला पॅड तापतच नाही, त्याचा पृष्ठभाग चकाकायला लागतो आणि मग सिग्नलला गाडी थांबता थांबता ती किंचाळी येते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत आवाज होतो आणि चार-दोन ब्रेकनंतर जातो. तो आवाज विसरून जावा.

लेखकाच्या गाडीचा आवाज मात्र जात नव्हता, आणि तो फक्त पुढच्या उजव्या चाकातून येत होता. पहिल्याच भेटीत त्याने हे जॉबकार्डावर लिहून घ्यायला सांगितलं. उजवं चाक हात लावला तर डाव्यापेक्षा गरम लागतं आणि भुकटीही तिथेच जास्त जमते, हेही सांगितलं. जॉबकार्डावर काय लिहिलं गेलं? ‘ब्रेक नॉइज – चेक’. पॅड दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले. गाडीचा स्वभावच किंचाळण्याचा असेल तर तो एकाच चाकाला कसा असेल? हा साधा प्रश्न त्या काचेच्या केबिनमध्ये कुणालाच पडला नाही.

ट्रायलची तऱ्हा तर सांगण्यासारखी आहे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर शेजारी बसला, काचा वर, एसी फुल, वर गाणी चालू. “कुठे येतोय आवाज, सर?” काचा खाली करा म्हटल्यावर म्हणतो, “धूळ येईल, सर.” काचा खाली आल्या, आवाज आला, आणि लगेच ते वाक्य आलं. पुढच्या खेपेला पॅड काढून पॉलिश पेपरने घासून दिले, बिलात ‘ब्रेक क्लीनिंग अँड लुब्रिकेशन’ लावलं. गाडी थोडे दिवस गप्प राहिली. नंतर पुन्हा तेच, आणि आता हातात कोटेशन : पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदला.

खरा प्रकार कळला तो डोंबिवली एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, खालचा बोल्ट सोडून पॅड धरणारा कॅलिपर वर उचलायला गेला तर तो हलेना. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्यांपैकी वरची स्लायडर पिन जाम होती. पाना लावून, पिरगाळून ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर ग्रीसचा थेंब नव्हता, होती ती तपकिरी गंजाची लापशी. “साहेब, खालची पिन कुणीतरी काढलीय, वरच्या पिनला हातच लावला नाही,” तो म्हणाला. मग त्याने दोन पॅड शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक, आतला जवळजवळ पत्र्याला टेकलेला. पिन सरकत नसल्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर पडत होता, आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्क सोडत नव्हता. वर, पॅडच्या पाठीमागे कंप शोषायला जी रबर-पोलादाची पातळ शिम असते, ती उजव्या बाजूला नव्हतीच. घासायला पॅड काढले तेव्हा ती कुठे गेली, ते त्या सर्व्हिस सेंटरलाच ठाऊक.

मग डॅशबोर्डवरचा दिवा का लागला नाही? कारण अनेक गाड्यांत पॅड झिजल्याची सूचना देणारा सेन्सर एकाच चाकाला असतो, या गाडीत डाव्या. उजवीकडचा पॅड संपला तरी दिव्याला त्याचा पत्ता नाही. तेव्हा दिव्यावर विसंबू नका. चाक काढायला लावा आणि आतला पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाहेरचा तर अ‍ॅलॉयच्या फटीतूनही दिसतो, आणि तोच दाखवून बोळवण होते.

पिना साफ करून नवे रबरी बूट, सिलिकॉन ग्रीस, नवे पॅड, नव्या शिम, एवढंच काम झालं. डिस्क मायक्रोमीटरने मोजली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते; ही त्यापेक्षा बरीच जाड निघाली. म्हणजे कोटेशनमधली डिस्कची रक्कम निव्वळ हवेतली. कुणी डिस्क बदलायला सांगितली तर एकच विचारा : कोरलेला आकडा किती, आणि मोजलेला किती? आकडा न सांगता नुसतं “झिजलीय, सर” म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये.

नवे पॅड घेताना कडेवरची अक्षरं वाचा. अमेरिकी पद्धतीच्या कोडमध्ये शेवटची दोन अक्षरं पकड सांगतात, पहिलं सर्वसाधारण तापमानाची, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ 0.35 ते 0.45, ‘जी’ 0.45 ते 0.55. युरोपीय मान्यतेच्या पॅडवर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो, शिवाय ‘90आर’ असा नियमाचा उल्लेख. यातलं काहीच नसलेला पॅड कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. आणि ‘ट्रॅक पॅड टाका, सर’ या सल्ल्यालाही भुलू नका. ते पॅड भरपूर तापल्यावरच नीट धरतात. कल्याण-शिळ रस्त्यावर ते थंडच राहणार आणि मूळ पॅडपेक्षा जास्त ओरडणार.

पॅड बसवले की बेडिंग करावं लागतं, आणि हे बहुतेक गॅरेजवाले सांगतच नाहीत. पॅडच्या मिश्रणाचा एकसारखा थर डिस्कवर बसला तरच आवाज आटोक्यात राहतो. पॅडबरोबर कंपनीची सूचना आली असेल तर ती पाळा. नसेल तर साधारणपणे साठ-सत्तरच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत दमदार ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न लावता थोडं अंतर गाडी चालवून थंड करायची. हे शहरात जमत नाही. भल्या सकाळी मुरबाड सोडून माळशेजच्या दिशेला मोकळा पट्टा मिळतो. मागे कुणी नाही ना, एवढं आरशात बघत राहा. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा उमटतो.

डिस्कवर तेल किंवा गंजरोधक स्प्रे मारायचा सल्लाही मिळतो. आवाज जाईल, ब्रेकही जाईल. ग्रीस लागतं ते पिनेला, आणि अगदी थोडं, उष्णता सोसणारं, पॅडच्या कानांना व पाठीला. घासणाऱ्या तोंडाला कधीच नाही. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट 4 ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत उतरलेला चालतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक गंमत म्हणून सोडण्यासारखा नाही. आणि अर्थात, गाडी वेळेवर सर्व्हिस करा, बिलं जपा, जुने पार्ट मागून घ्या.

त्या सर्व्हिस सेंटरला फोटोंसह मेल गेला. उत्तरात पुढच्या सर्व्हिसच्या मजुरीवर सवलत देऊ केली. शिमबद्दल, पिनेबद्दल, डिस्कच्या कोटेशनबद्दल एक अक्षर नाही. मध्येच त्यांच्याकडून फीडबॅकचा फोन आला आणि पलीकडच्या मुलीने पाठ केलेल्या आवाजात “दहापैकी दहा द्या ना, सर” अशी विनंती केली. तिचा काय दोष!

सेवेतल्या त्रुटीसाठी दाद मागण्याचा रस्ता 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ठाण्यात जिल्हा आयोग आहे; सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. जॉबकार्डावर ‘पुढचं उजवं चाक’ हे तीन शब्द लिहून घेतले असते तर पुरावा भक्कम झाला असता. सांगूनही ते लिहिले गेले नाहीत, म्हणून सही करण्याआधी वाचा आणि गरज पडली तर स्वतःच्या हाताने लिहा. लेखकाची लेखी नोटीस गेली आहे, उत्तराची मुदत अजून चालू आहे.