पद्मिनीची चासी बदलता येते का?

प्रश्न : काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मुंबईहून गावी आणली आहे. गाडी पुढून डावीकडे बसते, स्टिअरिंग ओढतं, टायर आतून झिजतो. नवे शॉकअप टाकले, अलाइनमेंट करून घेतलं, तरी तेच. एक मिस्त्री म्हणतो चासी बदला, दुसरा म्हणतो खालून अँगल मारून देतो. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, लासलगाव

उत्तर : तूर्त दोघांचंही ऐकू नका. जुन्या महिंद्रा जीपला शिडीसारखी स्वतंत्र चासी असते. बोल्ट काढले की बॉडी वेगळी उचलता येते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीची रचना तशी नाही. तिथे बॉडीचा पत्राच घड्या घालून, पेट्या करून चासीचं काम करतो. त्यामुळे ‘चासी बदलणे’ म्हणून वेगळं काम नसतं. पत्रा जिथे गेला, तिथे तो नवा घालावा लागतो.

शॉकअपने फरक पडला नाही, यातही नवल नाही. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिचं उसळणं आवरतो. आणि अलाइनमेंट टिकायचं तर पुढचे आर्म जिथे धरलेले असतात ती जागा पक्की हवी. तीच सरकत असेल तर चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर आतून खाल्ला जातो.

तेव्हा दोष पत्र्यात आहे की सुट्या भागांत, हे आधी ठरवा. गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरची हवा सारखी करा. पुढच्या आर्मचे बोल्ट आणि मागच्या पाट्यांचे बोल्ट अशा डाव्या-उजव्या जोडीच्या जागांवरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने खुणा करा. गाडी बाजूला घेऊन दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले तर स्प्रिंग, बुश आणि किंग पिन तपासा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली असली, तरी हा माल अजून मिळतो. कर्ण जुळले नाहीत तर मामला पत्र्याचा आहे. कर्ण जुळले तरी खालची माती खरवडून पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबून बघाच. तो आत गेला तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, आतलं लोखंड संपलेलं आहे.

लासलगावात खारा वारा नाही, मग गंज कुठून, असं वाटेल. एक तर गाडी मुंबईची. शिवाय आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती पत्र्याच्या पेट्यांत आणि चाकांवरच्या कोपऱ्यांत बसली की बाहेरून गाडी सुकते, आतून ओलीच राहते. त्यावर डांबरी कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते. जळकं ऑइल फवारलं तर रबरी बुश फुगून खराब होतात.

आता अँगलचं. कांद्याच्या ट्रॉल्या बांधणारे आपल्याकडचे कारागीर हाताचे पक्के असतात, पण ट्रॉलीचं लोखंड जाड आणि पद्मिनीचा पत्रा पातळ. जाड रॉडचं वेल्डिंग त्याला भोक पाडतं, आणि अँगलच्या टोकाशी ताण साठून तिथेच पुढची चीर जाते. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने थोडा थोडा जोडून घ्या. कापण्याआधी बॉडीला खालून घोड्यांचा आधार द्या, नाहीतर ती वाकेल आणि दारं लागणार नाहीत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून ठेवा. चासी नंबरच्या जागेला हात लावू देऊ नका. तो आरसी बुकाशी जुळलाच पाहिजे.

पत्रा झाल्यावरच सस्पेन्शन. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. ती स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच काढायची. जिथे रबरी बुश आहेत तिथले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली टेकताच रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं. अनेक ठिकाणी घाईत नेमकं हेच चुकतं. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

तपासताना आर्म धरणारा पत्राच गेलेला निघाला, तर पद्मिनीची कामं नेहमी करणारं वर्कशॉप गाठा. मात्र तिथवर गाडी टेम्पोवर चढवून न्या, चालवत नेऊ नका.