इंजिनातील गाळ आणि ‘फ्लश’

प्रश्न : इंजिन ऑइल बदलण्यापूर्वी त्यात ‘फ्लश’ ओतल्यास आतला गाळ निघतो का?

उत्तर : उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन त्यात काजळी व पाण्याचा अंश मिसळला की काळा, चिकट गाळ साचतो. ‘फ्लश’ हे गाळ विरघळवणारे द्रावण असून, ते जुन्या तेलात ओतून व वेष्टनावरील सूचनेप्रमाणे बहुधा १० ते १५ मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवून सर्व तेल काढतात आणि फिल्टरही बदलतात. मात्र थर जाड असल्यास सुटलेले तुकडे तेलपंपाच्या जाळीत अडकून तेलाचा दाब घटतो व बेअरिंग झिजतात. म्हणून तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर दाट थर दिसल्यास फ्लश टाळावा. इंजिन ऑइलमध्ये गाळ धुणारी रसायने मुळातच असल्याने, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल काही काळ नेहमीपेक्षा लवकर बदलणे, हाच सुरक्षित उपाय होय.