सोन्सिनोचे मुद्रक

इटलीच्या उत्तर भागातील लोंबार्डी प्रांतात सोन्सिनो नावाचे एक लहानसे गाव आहे. पंधराव्या शतकात जर्मनीतून आलेले एक ज्यू कुटुंब तेथे स्थायिक झाले आणि गावाचेच नाव त्या कुटुंबाचे आडनाव झाले.

गुटेनबर्गने मुद्रणकला सिद्ध केली, त्यास तेव्हा जेमतेम तीस वर्षे लोटली होती. या कुटुंबातील जोशुआ सॉलोमन यांनी इ. स. १४८३ मध्ये सोन्सिनो येथे छापखाना उभारला. पुढील वर्षी ‘तालमूद’ या धर्मग्रंथाचा एक भाग छापून झाला. पानाच्या मध्यभागी मूळ वचने व दोन्ही बाजूंस भाष्ये, ही त्यातील मांडणी आजही पाळली जाते.

हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. स्वर दाखविण्यासाठी अक्षरांना बारीक टिंबे व रेघा जोडतात. एक टिंब चुकले तरी शब्द पालटतो. असे खिळे जुळविणे म्हणजे डोळ्यांची व धीराची कसोटीच! तरीही इ. स. १४८८ मध्ये या छापखान्याने स्वरचिन्हांसह संपूर्ण हिब्रू बायबल छापले. जगात असे प्रथमच घडले.

जोशुआंचे पुतणे गेर्शोम यांनी तर आयुष्य या कार्यास वाहिले. हस्तलिखितांच्या शोधार्थ ते दूरदूर हिंडले. एका गावी टिकाव लागेना, म्हणून ब्रेशिया, फानो, पेझारो, रिमिनी असा त्यांचा छापखाना फिरत राहिला. ब्रेशिया येथे इ. स. १४९४ मध्ये त्यांनी प्रवासात जवळ बाळगता येईल असे लहान आकाराचे बायबल छापले. मार्टिन ल्यूथरने जर्मन भाषांतरासाठी त्याचाच उपयोग केला. अखेर इटली सोडून गेर्शोम तुर्की साम्राज्यात गेले. त्यांचे पुत्र एलिएझर यांनी कॉन्स्टंटिनोपल येथे आणि नातवाने इ. स. १५५७ मध्ये कैरो येथे ग्रंथ छापले.

इ. स. १५५३ मध्ये रोम शहरात तालमूदच्या प्रतींची जाहीर होळी झाली. एकुलते एक हस्तलिखित जळाले, तर त्यातील विद्या कायमची नाहीशी होते. छापील ग्रंथाच्या प्रती मात्र देशोदेशी पसरलेल्या असतात. एक जळाली तरी दुसरी उरते. सोन्सिनो कुटुंबाला स्थिर घर लाभले नाही. पण त्यांनी विद्येला हजारो घरे मिळवून दिली.

स्वाध्याय

१. हिब्रू मजकुराची जुळणी अवघड का होती?
२. हस्तलिखित व छापील ग्रंथ यांतील भेद सांगा.
३. ‘विद्येला हजारो घरे मिळवून दिली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.