तंत्रलेखन : एक दुर्लक्षित व्यवसाय



ज्याला निबंध चांगला लिहितां येतो त्याला आपल्याकडे तीनच वाटा दाखविण्याची चाल आहे. शिक्षक हो, कचेरींत कारकून हो, नाहींतर वर्तमानपत्रांत जा. ज्याला गणित व शास्त्र आवडतें त्याला इंजिनियरिंगची किंवा डॉक्टरीची वाट. परंतु विहिरीवरची मोटार कशी चालते हें समजून घेण्याची ज्याला हौस आहे, आणि समजलेलें दुसऱ्यास नीट सांगण्याचीहि हौस आहे, अशा मुलाला किंवा मुलीला काय सांगावें हें पुष्कळ पालकांस उमगत नाहीं. अशांसाठीं एक चौथा व्यवसाय आहे. त्याची ओळख करून देण्याचें या लेखांत योजिलें आहे.

नवी मोटार दुकानांतून घरीं आली कीं तिच्या खोक्यांत एक लहानशी पुस्तिका निघते. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला कागद येतो. मोबाइलवर एखादें बटण दाबलें असतां खालीं दोन ओळींची सूचना उमटते. हे शब्द कांहीं आकाशांतून पडत नाहींत. कोणीतरी बसून ते लिहिलेले असतात, आणि त्याबद्दल त्याला वेतन मिळतें. इंग्रजींत त्यास टेक्निकल रायटर म्हणतात. आपण तंत्रलेखक म्हणूं.

या कामाचें बीज जुनें आहे. इंग्रज कवि चॉसर यानें १३९१ च्या सुमारास आपल्या लुइस नांवाच्या दहा वर्षांच्या मुलासाठीं ॲस्ट्रोलेब या ग्रहवेधाच्या यंत्राचा उपयोग समजावून देणारें पुस्तक लिहिलें. त्या काळीं विद्येचीं पुस्तकें लॅटिनमध्यें असत. चॉसरनें हें मुद्दाम सोप्या इंग्रजींत लिहिलें, कारण मुलाला लॅटिन फारसें येत नव्हतें. एवढ्या मोठ्या कवीनें यंत्राचें पुस्तक लिहिण्यांत कमीपणा मानला नाहीं, ही गोष्ट आपल्या शाळेंतील कवींनीं ध्यानांत घ्यावी! पुढें गणकयंत्रें निघालीं. १९४९ सालीं अमेरिकेंत बायनॅक या यंत्रासाठीं जोसेफ चॅपलाइन यानें लिहिलेली पुस्तिका ही गणकयंत्राची पहिली मार्गदर्शिका म्हणून सांगितली जाते. १९५३ मध्यें त्या देशांत अशा लेखकांच्या दोन संस्था निघाल्या व पुढें त्या एक झाल्या. त्यांतून वाढलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही संस्था पैशाच्या अडचणीनें २०२५ च्या जानेवारींत बंद पडली. धंदा मात्र चालू आहे.

परंतु दूर कशाला जावें? महाराष्ट्रांतच याचें एक उत्तम उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. तें काम सोडून ते बेळगांवास आले, आणि सायकलींच्या दुकानापासून वाढत वाढत कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. नांगर उत्तम होता, पण तो घेईना कोणी. लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. येथें विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, अडचण लोखंडांत नव्हती, ओतकामांतहि नव्हती. ती ऐकणाऱ्याच्या मनांत होती, आणि ती दूर करण्यास हातोडा निरुपयोगी होता. तेथें शब्द पाहिजे होते, आणि ते शेतकऱ्याला पटतील असे पाहिजे होते.

१९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथें लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' हें मासिक सुरू केलें. शंकरराव चित्रकला शिकलेले होते. कारखाना, त्याचे एजंट व गिऱ्हाइकें यांना जोडणारें पत्र असावें, हा त्यांचा हेतु होता. कारखान्याच्या पत्रांतून निघालेलें हें रोपटें पुढें 'किर्लोस्कर' या नांवाचें, घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. त्याच्या जोडीला १९३० मध्यें 'स्त्री' व १९३४ मध्यें 'मनोहर' निघालें. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या मासिकांची नोंद विचारप्रवर्तक म्हणून होते, व ती योग्यच आहे. मला मात्र त्यांचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. जो यंत्र करतो त्यानेंच आपल्या धंद्याविषयीं उघडपणें, नियमानें व साध्या भाषेंत बोलत राहिलें पाहिजे, हें शंकररावांना शंभर वर्षांपूर्वीं कळलें होतें.

आतां भाषेकडे वळूं. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें व उच्च शिक्षण उर्दूंतून देण्याचें ठरलें. त्यासाठीं १९१७ पासूनच एक भाषांतर-खातें उघडून, पगारी विद्वान् बसवून, शास्त्रांचीं पुस्तकें उर्दूंत आणविलीं व शेंकडों परिभाषिक शब्द घडविले. त्या राज्यांतील मराठी मुलांस त्याचा लाभ किती झाला हा वेगळा प्रश्न आहे. पण देशी भाषेंत शास्त्र सांगतां येतें, आणि तें सांगण्यासाठीं माणसें नेमावीं लागतात, एवढें त्यावरून सिद्ध झालें.

मराठीला शब्दांची वाण आहे असें म्हणणाऱ्यांनीं अंबाजोगाईच्या दासोपंतांकडे पाहावें. सोळाव्या शतकांतील या संतकवीनें संस्कृताच्या अभिमान्यांस असें विचारलें कीं, तुमच्या 'घट' या एका शब्दानें आमच्या घरांतील सगळीं भांडीं कशीं ओळखावयाचीं? मराठींत हारा निराळा, डेरा निराळा, रांजण निराळा, सुगड निराळें. हा मुद्दा तंत्रलेखकाच्या अगदीं कामाचा आहे. ज्या वस्तूला लोकांत नांव आहे तिला तेंच नांव द्यावें. शेतकरी स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, नोझल म्हणतो; त्याऐवजीं कोशांतील जड शब्द घातला, तर पुस्तिका शुद्ध होईल पण मोटार सुरू होणार नाहीं. आणि एकदां 'नोझल' म्हटलें कीं शेवटपर्यंत नोझलच म्हणावें. दुसऱ्या पानावर 'तुंड' व तिसऱ्यावर 'फवारमुख' असें लिहूं नये. निबंधांत तोच शब्द पुन्हां आला तर आम्ही शिक्षक तांबडी रेघ मारतों. येथें नवा शब्द आला तर मारावी लागेल, कारण वाचणारा त्यास नवी वस्तु समजतो.

हें सर्व केवळ सोयीसाठीं नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. आपलाहि जिल्हा कपाशीचा. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं: दोन-तीन औषधें एकत्र करणें, अंगावर संरक्षक कपडे नसणें, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा. सर्व दोष छापील कागदावर टाकणें अन्यायाचें होईल. तथापि तो कागद उलगडून पाहा. अक्षर मुंगीएवढें, घड्या दहा, आणि मजकूर पुष्कळदां या थाटाचा: "द्रावण तयार करतेवेळीं योग्य ती दक्षता घेण्यांत यावी." कोणी घ्यावी? कोणती घ्यावी? योग्य म्हणजे काय? व्याकरणाच्या दृष्टीनें वाक्यांत एकहि चूक नाहीं, आणि तरी तें वाक्य निकामी आहे. त्याच जागीं असें लिहितां येतें:

"हातमोजे घाला. बादलींत अर्धें पाणी घ्या. औषध मापानें मोजून ओता. लांब काठीनें ढवळा. हात घालूं नका. मग उरलेलें पाणी घाला. वारा ज्या दिशेनें वाहतो त्या दिशेकडे पाठ येईल असें उभें राहूं नका, असें लिहिण्यापेक्षां, वारा पाठीवर घ्या."

शेवटचें वाक्य मुद्दाम दोन्ही प्रकारें दिलें आहे. पहिल्या प्रकारांत वाचणारा गोंधळतो, व घाईंत उलटें करून बसण्याचा संभव असतो. दुसरा तीन शब्दांचा आहे.

मापाचेंहि असेंच. समजा, कागदावर लिहिलें आहे: हेक्टरी ५०० मिलिलिटर औषध, ५०० लिटर पाण्यांत. हिशेब बरोबर आहे. पण शेतकऱ्याच्या पाठीवर हेक्टर नसतो, १५ लिटरचा पंप असतो. तेव्हां लेखकानें स्वतः भागाकार करावा. एका लिटरला १ मिलिलिटर, म्हणून एका पंपाला १५ मिलिलिटर. एकरास पाणी सुमारें २०० लिटर, म्हणजे असे साडेतेरा पंप. हा भागाकार उन्हांत उभ्या असलेल्या माणसावर टाकला कीं तो बाटलीचें झाकण माप म्हणून वापरतो. (हें उदाहरण हिशेबापुरतें आहे, प्रत्येक औषधाचें प्रमाण निराळें असतें.)

डब्यावरील रंगांची खूणहि पाहण्यासारखी आहे. कर्णावर उभ्या केलेल्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगविलेला असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटीं हिरवा. कायद्यानें ठरविलेली ही रीत आहे. पण ज्याला रस्त्यावरचे दिवे ठाऊक आहेत तो हिरवा पाहून 'चला, धोका नाहीं' असें समजेल. हिरव्या खुणेचें औषधहि विषच असतें, फक्त तुलनेनें सौम्य. अर्थ वाचणाऱ्याच्या पूर्वज्ञानाशीं कोठें अडखळेल हें आधीं ओळखणें, हीच या धंद्यांतील खरी बुद्धि.

आतां व्यवसायाविषयीं. पुण्यांतील संगणकाच्या कंपन्यांत, मोटारींच्या व वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत तंत्रलेखक नेमले जातात. पदवी शास्त्राची असो वा कलेची, तिच्यामुळें दार बंद होत नाहीं. बहुतेक काम इंग्रजींत चालतें हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. म्हणून इंग्रजीकडे पाठ फिरवून चालणार नाहीं. मराठींतील काम प्रायः भाषांतराच्या रूपानें येतें, आणि तेथें शेत व घर जवळून पाहिलेल्या मुलांचें पारडें जड असतें. ज्याचे आईबाप दरवर्षीं ऊसतोडीस जातात, त्या मुलाला कोयता, मोळी व फड हे शब्द कोशांत शोधावे लागत नाहींत.

दिवसाचें काम कसें असतें? निम्मा वेळ लिहिण्यांत जातच नाहीं. इंजिनियरला गांठून प्रश्न विचारणें, यंत्र स्वतः चालवून पाहणें, तें बिघडवून पाहणें, आकृति काढणें, नवख्या माणसाच्या हातीं मजकूर देऊन तो कोठें थांबतो हें टिपणें, आणि मग पुन्हां लिहिणें. जो प्रश्न विचारण्यास लाजतो त्यानें या वाटेस जाऊं नये. २०२२ पासून कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें क्षणांत पानेंच्या पानें लिहून देऊं लागलीं आहेत. त्यामुळें ज्याला केवळ वाक्यें जुळवितां येतात त्याचें काम कमी होईल, असें मला वाटतें. परंतु नोझल खरोखर डावीकडे फिरतें कीं उजवीकडे, हें विहिरीवर जाऊन पाहणारा माणूस लागणारच.

या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्यानें आणखी एक संवय लावावी. शिकलेलें पेटींत ठेवूं नये. आज काय समजलें, काय अडलें, कसें सुटलें, हें रोजनिशीप्रमाणें लिहावें व चारचौघांपुढें ठेवावें. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील पुष्कळ तंत्रलेखक आपले अनुभव असे लिहितात, तसेंच ते ध्वनिमुद्रित करून ऐकवितात, आणि काम देणारा त्यावरून त्यांची पारख करतो. बोललेल्या माहितीचें सामर्थ्य आपल्यालाहि नवें नाहीं. मुंबई दूरदर्शनवरील 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांपर्यंतहि पोंचला. मात्र लिहिणें व बोलणें यांत भेद आहे. वाचणारा मागचें पान उलटूं शकतो, ऐकणारा नाहीं. म्हणून बोलतांना एका दमांत एकच कृति सांगावी, आणि आंकडा आला कीं तो दोनदां उच्चारावा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत पुढील अभ्यास करून पाहावा. आपल्या विहिरीवरील विजेची मोटार मोठ्या माणसांसमक्ष नीट पाहावी. ती सुरू करण्याची व बंद करण्याची रीत एका पानांत लिहावी. वाक्य दहा शब्दांहून मोठें नसावें, आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधीं यावी, नंतर नव्हे. मग वीज बंद ठेवून तो कागद पांचवी-सहावींतल्या एखाद्या भावंडाच्या हातीं द्यावा. त्यानें वाचावें आणि काय कराल तें बोटानें दाखवावें. आपण मधें एक शब्दहि बोलूं नये. जेथें त्याचें बोट थांबेल तेथें पेन्सिलीची खूण करावी, आणि तें वाक्य पुन्हां लिहून शाळा उघडल्यावर दोन्ही कागद माझ्याकडे आणून द्यावेत.