ओटीपी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

प्रश्न : दूरध्वनीवर क्रेडिट कार्डाचा ओटीपी सांगितला गेल्यास नुकसान कोणाचे? आणि खात्याला नामनिर्देशन असताना मृत्युपत्र हवेच का? (एक वाचक, पिंपळी, ता. बारामती)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातील सूत्रानुसार, ओटीपी, म्हणजे एकाच व्यवहारापुरता असलेला संकेतांक, ग्राहकाने स्वतः सांगितला असल्यास बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि नंतरचे बँकेचे मानले जाते; म्हणून कार्ड तत्काळ बंद करून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि संकोचापोटी एक मिनिटही दवडू नये.

मृत्युपत्राबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण तेवढ्याने मालक होत नाही. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकर यांच्या पश्चात उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबतही हेच स्पष्ट केले. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार साध्या कागदावरील मृत्युपत्रही, करणाऱ्याची सही आणि ती प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या असल्यास, वैध ठरते. नोंदणी सक्तीची नसली, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेणे इष्ट. त्यात खात्यांची यादी असावी, पिन वा पासवर्ड मात्र लिहू नयेत, कारण सातबाऱ्यावर वारसांची नोंद होईपर्यंत हा कागद अनेकांच्या हाती जातो.